हऱ्या, तुझी खोळ आणली

हऱ्या, मेलास तो मेलास, पण आपलं भांडण अर्धवट टाकून मेलास याचा मला जास्त राग आहे. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, जाऊ दे, गेलेल्या माणसाशी काय भांडायचं. तुला मी सोडणार नाही. जिवंत होतास तेव्हा दर वेळी दात काढून विषय बदललास. आता बदलता येत नाही तर ऐकून घे.

पहिला राग तुझ्या मरणाचाच. डोळे हळद फासल्यासारखे पिवळे झाले होते आणि तू नागोठण्याला स्पर्धेत नाचायला गेलास. गळ्यात ती काविळीची माळ. डॉक्टरकडे चल म्हटलं तर मलाच समजावत होतास, "माळ लांबत चाल्ली म्हंजे कावील उतरत चाल्ली, सुऱ्या. बग, छातीच्या खाली आली." माळ बेंबीपर्यंत आली आणि दुसऱ्या दिवशी तू माणसं ओळखेनास. मग गाडी, मग सरकारी दवाखाना, मग सगळी धावपळ. टँकर आला नाही की तुमचा गाव तळ्यातलं पाणी पितो आणि दर वर्षी घरोघरी पिवळे डोळे होतात, हे तुला माहीत नव्हतं का? तूच तर त्यावर गाणं जुळवलं होतंस. स्टेजवर हात हलवत म्हणायचास, "दारात खाडी, घरात तान, टँकरवाला गावचा परधान!" लोक शिट्ट्या मारायचे. शिट्ट्यांनी पाणी येत नाही रे.

तर तुझी खोळ, तो गोणपाटाचा टोपीवाला कोट, आणली. परवा मुंबईला जाऊन आणली. तुझ्या आईनं सांगितलं म्हणून गेलो, नाहीतर त्या बाईचं तोंड पुन्हा बघायची मला हौस नव्हती.

दहाव्याचं आटोपून लोक पांगले तेव्हा तुझ्या आईनं मला ओट्यावर बसवलं. म्हणाली, "सुरेश बाला, त्याचं समदं गोला केलं मी. शर्टं, पँटी, ती नाचायची बुटं. एक खोल नाय गावली. ती त्या मुंबयच्या बायकडंच हाय ना अजून?"

"व्हय मावशी."

"मेल्या मानसाची वस्तू परक्याच्या घरात ठेवू नये. तेराव्याच्या आत आनशील?"

तुमच्या घरची रीत मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाचे कपडे तेराव्याला स्वच्छ धुऊन, घडी घालून ओहोटीच्या पाण्यात सोडायचे. एकही मागे ठेवायचा नाही आणि मळका सोडायचा नाही. तुझ्या बापाचे कपडे असेच गेले, तेव्हा मी तुझ्या शेजारी बांधावर उभा होतो. आणेन म्हटलं.

ही खोळ आली कुठून, तेही आज बोलून टाकतो. तू कंपनीत ठेक्यावर लागलास आणि रोह्यात राहायला आलास. एके दिवशी पहिल्या शिफ्टहून सुटून माझ्या दुकानात शिरलास. हातात कंपनीचा निळा बॉयलर सूट आणि काखेत मिठाचं रिकामं गोणपाट. मी बाबांच्या जागी नुकताच मशीनवर बसायला लागलो होतो. मला वाटलं पिशवी शिवायची असेल.

"याचा कोट शिवायचा," गोणपाट पुढे करत तू म्हणालास. "आनि कोटाला खोल."

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

मग तू दुकानातच गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसलास आणि डोक्यावर घेतलंस. मिठागरात तुझी आई डोक्यावर टोपली घेऊन मीठ वाहते. टोपलीतून खारं पाणी गळतं, ते मानेवर-पाठीवर उतरू नये म्हणून बायाबापड्या अशी खोळ घेतात. कंपनीच्या कॉलनीतल्या डिशवर तू अमेरिकेतली काळी पोरं नाचताना पाहिली होतीस. ढगळ पँटी, जाड बूट आणि डोक्यावर कोटाचीच टोपी. "सुऱ्या, ते कामाचे कपडे घालून नाचतात रं! आनि आपन पेनच्या ड्रेसवाल्याकडनं चमकीचे शर्ट भाड्यानं आनतो. त्यांची टोपी म्हंजे माझ्या आयशीची खोलच हाय. मंग मी आयशीची खोलच घालनार."

मी हसलो, पण रात्री झोप लागेना. गोणपाट मशीनवर जाईना, सुया तुटल्या. दाभणानं हातशिलाई केली. मानेला टोचतं म्हणून तू आईचं जुनं लुगडं आणलंस, त्याचं अस्तर लावलं. बॉयलर सूटच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर गोणपाटाची दुहेरी ठिगळं, म्हणजे जमिनीवर गरगर फिरताना कापड फाटू नये. कोट वाळला की त्यावर मिठाचा खार फुलायचा, खांद्यावर पांढरी नक्षी उमटायची. तू अंगात घातलास, आरशापुढे उभा राहिलास आणि टोपी डोक्यावर ओढलीस; तेव्हापासून अख्ख्या कोटाचं नावच खोळ. हऱ्या, एवढं एक मान्य करतो. बाबांनी मला कापड कापायला शिकवलं, पण कपडा कशासाठी असतो ते मला त्या दिवशी कळलं. नंतर रोह्यातली निम्मी पोरं ढगळ पँटी शिवायला माझ्याकडे आली, तीही तुझ्याचमुळे.

आपल्या ग्रुपला प्रॅक्टिसला जागा म्हणजे पेणचा तो मूर्तींचा कारखाना. गणपती विकले गेले की शेड रिकामी पडायची आणि मालक किल्ली द्यायचा. खाली प्लास्टरची भुकटी पसरलेली असायची, तिच्यावर पाठ मस्त फिरते, हा तुझा शोध. तासाभरात सगळी पोरं पांढरीफटक. आणि स्पर्धेत नाच सुरू करायच्या आधी तू माईक घ्यायचास, न चुकता. "यो नाच आमचा नाय. अमेरिकेतल्या काल्या पोरांचा हाय, आमी बगून बगून शिकलो. कपडे मातर आमच्या मिठाच्या आगरातले हायेत." परीक्षक हसायचे. मी म्हणायचो, कशाला सांगतोस, मार्क कमी देतील. तू म्हणायचास, "ज्याचं त्याचं नाव घ्यायला काय जातं?"

हे वाक्य लक्षात ठेव. मला पुढे लागणार आहे.

ती मुंबईची बाई, मॅडम, आली ती त्याच शेडमध्ये. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात तिच्या कपड्यांचा शो होता आणि सजावटीला तिला प्लास्टरचे पुतळे हवे होते, म्हणून पेणला कारखाने बघत फिरत होती. आपण नाचत होतो. ती दारात उभी राहिली ती राहिलीच. नाच संपल्यावर तुझ्यापाशी आली आणि तुझ्याकडे बघायच्या आधी कोटाला हात लावला. शिवण उलटून पाहिली, अस्तर पाहिलं, खार बोटावर घेऊन चाखला. तुझं नाव तिनं त्याच्यानंतर विचारलं. मी शिंपी आहे, कुणी कपडा असा उलटून बघितला की मला कळतं. तुला सांगितलं तर म्हणालास, "तुला समद्यात वास येतो."

ठरलं असं की आपण शोमध्ये नाचायचं आणि सगळ्यांचे कपडे सोबत आणायचे. पोरं हवेत तरंगायला लागली. तू गावभर सांगत सुटलास. आणि तुझ्या आईनं जे करायचं तेच केलं. फाइव्ह स्टार हॉटेलात, परक्याच्या घरी, पोरगा मळके कपडे घेऊन कसा जाणार? तिनं सगळ्यांचे कपडे धुवायला काढले. खाऱ्या पाण्यानं धुतले तर वाळल्यावर पुन्हा खार फुलतो, म्हणून गोडं पाणी. टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेले दोन हंडे, प्यायचे. ते त्या कपड्यांवर ओतले. तू तिला हटकलंस तेव्हा मी तिथे होतो. ती म्हणाली, "पानी काय, उद्या परत भेटंल. मानसाची इज्जत एकदाच जाते." मग सुटलेली ठिगळं तिनं घट्ट केली. मी रोह्याहून इस्त्री आणली, कांजी केली आणि गोणपाटाला कडक घडी घातली. गोणपाटाला इस्त्री करणारा मी जगातला पहिला शिंपी असेन. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटत होता.

पुतळ्यांच्याच टेम्पोतून आपण गेलो, मांडीवर कपड्यांची गाठोडी सांभाळत. हॉटेलच्या मागच्या खोलीत मॅडमनं गाठोडं सोडलं आणि तिचा चेहरा पडला.

"ये क्या किया? वो सफेद सफेद कहाँ गया?"

तू छाती फुगवून सांगितलंस, "मॅडम, माँ ने धोया. दो हंडा मीठा पानी!"

तिनं कपाळाला हात लावला. मग तिची माणसं कामाला लागली. सँडपेपरनं कोपरं घासली. चहाचं पाणी करून त्यात कॉलर बुडवल्या. तुझ्या आईनं घट्ट केलेली ठिगळं उसवून लोंबती ठेवली. आणि एक पोरगी ब्रश घेऊन तुझ्या खोळीच्या खांद्यावर पांढरे डाग रंगवत बसली, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. आपण सगळे भिंतीला टेकून बघत होतो. हऱ्या, तेव्हा तू हसलास. "घ्या! म्हंजे आयशीनं फुकट धुतलं!" म्हणालास, पोरं हसली, ती पोरगीही हसली. मी ते हसणं आजवर विसरलेलो नाही. दोन हंडे होते रे ते.

पुढे काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण सांगणार. आपल्याला काळे टीशर्ट दिले. सुरुवातीला आपण नाचलो, तेही उजेड पाठीमागून, म्हणजे चेहरे दिसायला नकोत. लोकांना वाटलं असेल सावल्या नाचतायत. मग आपण आत आणि आपले कपडे बाहेर. लांब मानांची पोरं-पोरी आपली ठिगळं घालून चालत गेली आणि परत आली. तुझी खोळ शेवटी आली, सगळ्यात उंच मुलीच्या डोक्यावर. लोक उभे राहिले. मॅडम पुढे झाली, माईक घेतला आणि म्हणाली की हे सगळं तिला न्यूयॉर्कच्या एका गल्लीत फिरताना सुचलं. पडद्यामागे मी पुढे निघालो तर तू माझं मनगट धरलंस. "गप ऱ्हव. आपलं कापड कुठं पोचलं बग." आणि दुसऱ्या हातानं मांडीवर थापा मारून टाळ्यांत टाळी मिसळत होतास.

खोळ तिनं ठेवून घेतली. फोटो काढायचेत, मग पाठवते म्हणाली. तीन वर्षं झाली.

सकाळी परतताना गडब गावाला टेम्पो थांबवून आपण चहा घेतला आणि तिथे आपलं भांडण झालं. मी म्हणालो, कापड आपलं, नाच आपला, आणि टाळ्या तिला. ही चोरी आहे, सरळ चोरी. तू बशीत चहा ओतलास, फुंकलास आणि म्हणालास, "मंग आपन काय केलं? त्या काल्या पोरांचा नाच घेतला, पँट घेतली. इचारायला गेलतो कुनाला? ते आले का पेनला भांडायला?"

मला उत्तर सुचलं नाही. पोरं तुझ्या बाजूनं हसली आणि मी वडापाव तसाच टाकून टेम्पोत जाऊन बसलो.

वर्षभरानं तू मला मुद्दाम कॉलनीत नेलंस, डिशवर परदेशातला कसलासा फॅशन शो दाखवायला. त्यात त्याच काळ्या पोरांच्या ढगळ पँटी, त्याच टोप्या, त्याच जाड साखळ्या, पण घालणारे वेगळे. एकेक कपडा म्हणे मोटारसायकलच्या किमतीचा. ती पोरं त्या दुकानात शिरली असती तर दारवानानं हटकलं असतं. तू खूश! "बग सुऱ्या, त्यांचं पन घेतलं. आपन एकटे नाय." दोन घरं फुटली म्हणून चोर साव होतो का? पण तू असाच. तुझा खिसा कापला तर तू बघणार की पाकीट चांगलं होतं म्हणून कापला.

उत्तर मला सुचलं ते तुझ्या दहाव्याला, तिथेच ओट्यावर. ऐक. आपण घेतलं हे खरं. पण तू दर स्टेजवर माईक हातात घेऊन सांगायचास की हा नाच कुणाचा. मार्क कमी पडतील म्हटलं तरी सांगायचास. ज्याचं त्याचं नाव घ्यायला काय जातं, हे तुझंच वाक्य. माईक मॅडमच्याही हातात होता, हऱ्या. पेण म्हणायला किती वेळ लागतो? हरेशची आई म्हणायला किती लागतो? हे मला गडबला सुचलं असतं तर तू हरला असतास. आणि तू हरायला हवा होतास. जिंकून मेलास, याचाच राग आहे.

परवा गेलो तिच्याकडे. एका बंद गिरणीच्या आवारात तिचा मोठा कारखाना आहे. भांडायचं ठरवून गेलो होतो, ट्रकभर शिव्या घेऊन. तिनं ओळखलं. "हरेश? वो हुडवाला? कैसा है वो?"

"गेला," मी म्हटलं. "कावीळ झाली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं पाणी, मी पाहिलं. थंड मागवलं. म्हणाली, त्याच्यासारखा मुलगा तिनं पाहिला नाही, त्याला पुन्हा बोलवायचं मनात होतं. मला तिचा त्या वेळी आला तेवढा राग कधी आला नव्हता. बाई वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती तुझ्यावर माया करत होती आणि तिला तुझ्या गावाचं नाव माहीत नव्हतं.

खोळ काचेच्या कपाटात होती, प्लास्टिकच्या कव्हरात, चिठ्ठी लावून. बाहेर काढली आणि मला कॉलर दिसली. आत, तुझ्या आईच्या लुगड्याच्या अस्तरावर, तिच्या नावाचं रेशमी लेबल शिवलेलं. चारी बाजूंनी नीट, बारीक टाक्यांनी. मी खिशातून ब्लेड काढलं. शिंप्याच्या खिशात ब्लेड असतंच. तिच्यासमोर उभा राहून एकेक टाका उसवला, अस्तराला धक्का न लावता. लेबल टेबलावर ठेवलं, थंडाच्या ग्लासाशेजारी, आणि निघालो. शिव्या सगळ्या परत घेऊन आलो. वडखळपर्यंत एसटीत मी खोळ मांडीवर घेऊन बसलो होतो आणि हो, रडलो. आता तुला हसायचं तर हस.

काल तेरावा. ओहोटी दुपारची होती. सकाळीच मावशीनं टँकरचं पाणी बाजूला काढलं होतं, पुन्हा दोन हंडे. म्हणाली, "तिकडं ऱ्हाऊन मलली असंल. अशी कशी देऊ त्याच्याबरोबर?" सगळे कपडे धुऊन झाले, दोरीवर गेले. खोळ मात्र ती घासतच होती. चहाचा रंग उतरला. कांजी उतरली. खांद्यावरचे पांढरे डाग हलेनात. तिनं साबण लावला, नारळाच्या काथ्यानं घासलं, पुन्हा पाणी ओतलं. मी उभा होतो. दुसरा हंडा अर्धा झाला.

तिनं वर पाहिलं. "सुरेश, यो खार नाय रं. खार गोड्या पान्यानं कवाच जातो. यो कसला डाग?"

सांगायचं नव्हतं मला. पण तेराव्याला खोटं कसं बोलू? म्हटलं, "रंग आहे मावशी. त्यांनी ब्रशनं लावलाय. मीठ दिसावं म्हणून."

तिचे हात पाण्यातच होते.

"मिठासाठी?" ती म्हणाली. "मंग सांगायचं व्हतं ना बाला. टोपलीभर दिलं असतं."

मग उरलेला हंडा तिनं जवळ ओढला आणि पुन्हा घासायला लागली. ओहोटी होऊन गेली, हऱ्या. तुझे बाकीचे कपडे गेले. खोळ अजून तुझ्या दारात दोरीवर आहे, कारण मळकं कापड ती तुझ्याबरोबर पाठवणार नाही.